पिंपरीचा गुण

वरवट बकालहून सातपुड्याकडे जाणारा रस्ता जिथं पहिलं वळण घेतो, तिथून थोडं आत पुंजाजीचा पानपिंपरीचा, म्हणजे औषधी पिंपळीचा, मळा आहे. आत शिरण्याआधी चप्पल बाहेर काढावी लागते. वेलीला पायताणाचा विटाळ चालत नाही, असं पुंजाजीचा बाप म्हणायचा आणि बापाचा बापही. पुंजाजी कारण सांगत बसत नाही. कोणी आलं की त्याच्या पायांकडे बघतो, एवढंच.

मळ्याच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. त्यावर त्याची स्वतःची वहाण असते, आणि शेजारी एक लहान गुलाबी चप्पल असायची. तिच्या पट्ट्यावर प्लास्टिकचं फूल होतं. उन्हानं ते पांढरं पडलं, पावसानं तळव्याला शेवाळ धरलं. तरी पुंजाजीनं ती उचलली नाही. दगड झाडताना तेवढी जागा सोडून झाडायचा.

चप्पल अपेक्षाची, मागच्या खेपेला जाताना विसरलेली. अपेक्षा म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलाची, ज्ञानेश्वरची, मुलगी. ज्ञानेश्वर मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवतो. गावात याची थट्टा व्हायची. बसथांब्यावर गोकुळची चहाची टपरी आहे. गोकुळ आणि पुंजाजी एकाच वर्गात, एकाच मास्तरच्या हातानं नापास झालेले. गोकुळ म्हणायचा, "पुंजा, पोरानं वावरातला ट्रॅक्टर सोडला न् तिथंबी ट्रॅक्टरच धरला. मंग गेला कायले बे?"

पुंजाजी हसायचा. शालूबाई, त्याची बायको, होती तोवर त्याला अशा गोष्टींवर हसता यायचं.

ती गेल्यानंतर तो एकदाच मुलाकडे राहायला गेला होता. खोली विमानतळाच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे विमानं रांग लावून उभी असायची, इंजिनं चालू ठेवून, बाजार समितीत कापसाच्या गाड्या उभ्या असतात तशी. नंबर आला की एकेक पुढं सरकायचं आणि घरावरून उठायचं. भांडी खुळखुळायची. बोलणारा माणूस वाक्याच्या मधोमध थांबायचा, विमान जाऊ द्यायचा आणि उरलेलं वाक्य तिथूनच उचलायचा. घरातल्या कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं. पुंजाजीला मात्र पहिल्याच सकाळी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवल्यावर जे लागलं ते विसरता आलं नाही. धूळ त्याला नवी नव्हती. सगळा जन्म धुळीत गेला. पण ही धूळ झटकली जात नव्हती. चिकट, काळी, आणि तिला रॉकेलचा वास. दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांनाही तोच वास. चार वर्षांची अपेक्षा त्या वासात खोकत होती. आधी कोरडं, मग दमेकऱ्यासारखं, खांदे वर उचलून. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं की हिला या हवेतून अधूनमधून बाहेर काढत जा.

त्याच मुक्कामात ज्ञानेश्वरनं बापाला विचारलं होतं. कल्याणच्या पुढं, या सगळ्यापासून लांब, एक खोली मिळत होती. जायला-यायला वेळ लागेल, पण पोरीला बरं पडेल. घेऊ का?

पुंजाजीनं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं की कशाला जिवाची ओढाताण, तुझी ड्यूटी अशी अवेळची. उन्हाळ्याची पोरीला माझ्याकडे आण. मळ्यातली हवा खाईल, पिंपरी चाटेल, वर्षाची बेगमी होईल.

खोली राहिली. पूनमनं, सुनेनं, मान हलवली. निघताना पुंजाजीनं पिंपरीचा एक वेल तेलाच्या रिकाम्या डब्यात लावून खिडकीत ठेवला.

तेव्हापासून परीक्षा संपली की पूनम अपेक्षाला घेऊन यायची. दोन-तीन दिवस राहून ती परत जायची आणि अपेक्षा महिना-दीड महिना राहायची. बाहेर वैशाख तापलेला असायचा आणि मळ्यात, पांगाऱ्याच्या आणि शेवरीच्या सावलीत, ओल्या मातीचा गारवा. वेल झाडांना धरून चढलेले. पोर अनवाणी हिंडायची. पुंजाजी पाटाला पाणी सोडायचा तेव्हा ती पाटातून उलटी चालायची. वाळवून काळी झालेली पिंपरी कुटून, मधात कालवून तो तिला सकाळी चाटवायचा. ती तोंड वेडंवाकडं करून जीभ बाहेर काढून पळायची. आठवडाभरात खोकला सुटायचा. दुसऱ्या आठवड्यात ती इतकी मोठ्यानं ओरडायला लागायची की शेजारच्या वावरातून केसरबाई विचारायची, "भाऊजी, पोरगी व्हय का भोंगा?"

पुंजाजीचं वर्ष असं त्या दीड महिन्याभोवती बांधलेलं होतं. दिवाळी उरकली की तो उन्हाळ्याकडे तोंड करून बसायचा. पिंपरी तोडायची, वाळवायची, चांगली चांगली निवडून एका बरणीत वेगळी ठेवायची. कुणी विचारलं तर सांगायचा की पोरीच्या छातीसाठी. हे खोटं नव्हतं. पण त्याला दुसरी बाजू होती, आणि ती त्यानं कधी उलटून पाहिली नव्हती.

मग तो मार्च आला आणि सगळंच बंद झालं. एसटी बंद, रेल्वे बंद, विमानं बंद. ज्ञानेश्वरचा ट्रॅक्टर उभा राहिला, पगार अर्ध्यावर आला. गावच्या वेशीवर काटेरी फांद्या टाकून पोरांनी पहारा बसवला. अपेक्षा येऊ शकणार नव्हती. पुंजाजीला घोर लागला. उन्हाळाभर पोर त्या खोलीत, त्या हवेत कशी काढेल? रोज सांजेला तो फोन लावायचा आणि पहिल्यांदा खोकल्याचं विचारायचा.

पूनम म्हणायची, नाही मामाजी, नाही खोकत.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. नाही खोकत. पोरगी सकाळपर्यंत एका कुशीवर झोपते. एका सांजेला पूनमनं फोनचा कॅमेरा खिडकीकडे वळवला. डब्यातला वेल, जो एवढी वर्षं ना धड मेला ना धड वाढला, तो गजाला धरून वर चढला होता. पानं धुतल्यासारखी. आणि एका पेराला हिरवी, करंगळीच्या नखाएवढी पिंपरी धरली होती.

पुंजाजीनं ते पाहिलं आणि त्याच्या मनात हिशोब जुळला. वेल रुजला. पिंपरी तिथं लागली म्हणजे पोरीच्या अंगालाही लागली. एवढी वर्षं चाटवलेलं वाया गेलं नाही. पिंपरीवर जगलेल्या माणसानं दुसरं काय समजायचं?

त्यानं गावभर सांगितलं. तोंडाला रुमाल बांधून, लांब उभं राहून, पण सांगितलं. टपरी बंद होती तरी गोकुळ तिच्या फळीवर येऊन बसायचा. तो म्हणाला, "मंग आता दुनियेलेच चाटव ना बे. सरकार लस शोधून राह्यलं, न् तू बरणी घेऊन बसला." पण दुसऱ्या दिवशी तोच नातवासाठी मूठभर पिंपरी मागायला आला. केसरबाईनं नेली. आणखी दोन-तीन घरांनी नेली. मे महिन्यात बरणी अर्धी झाली, आणि पोर जवळ नव्हती तरी पुंजाजीला तो उन्हाळा अगदीच रिकामा वाटला नाही.

पाऊस सुरू झाल्यावर एकदा ज्ञानेश्वर निवांत बोलत होता. फोनवरची एक गोष्ट पुंजाजीच्या तोवर लक्षात आली होती. आता वाक्याच्या मधे कुणी थांबत नव्हतं. बोलणं सरळ सुरू व्हायचं आणि लवकर संपायचं. विमानांच्या थांब्यांनी किती जागा भरलेली होती ते तेव्हा कळलं. ते उठले आणि बाप-लेकांजवळ बोलण्यासारखं फार नव्हतंच.

त्या दिवशी बोलायला काहीच उरलं नाही म्हणून पुंजाजीनं पिंपरीची गोष्ट काढली. वेल कसा लागला, गोकुळच्या नातवालाही कसा गुण आला. पलीकडे ज्ञानेश्वर जरा घुटमळला. मग म्हणाला, "बाबा, इथं तिनं पिंपरी दोन वर्षांपासून सोडली. पोटात आग होते म्हने. पूनम तुमाले बोलली नाही."

पुंजाजीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

ज्ञानेश्वरनं मग समजावून सांगितलं. रागानं नाही, उलट मऊपणानं. विमानं बंद झाली म्हणून पोर बरी झाली, असं डॉक्टरीण बाईच म्हणाल्या. आधी त्यालाही वाटलं होतं की रस्त्यावरच्या गाड्या बंद म्हणून असेल. पण रिक्षा, ट्रक पावसाळ्याच्या तोंडाशीच परत आले. विमानं मात्र मोजकीच. रांग लागत नाही, येतं ते सरळ उठून जातं, भिंतीपलीकडे इंजिनं पेटवून कुणी उभं राहत नाही. खिडकीची चौकट पुसली तर फडकं जवळपास तसंच राहतं. गच्चीवरून डोंगर दिसतात. तिथं डोंगर आहेत हे त्याला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. वेलही म्हणूनच वाढला असेल.

"आता तिले गावाले आनायची काही घाई नाही, बाबा. इथंच बरी हाय."

हे वाक्य त्यानं बापाला धीर यावा म्हणून टाकलं होतं. पुंजाजी हाव म्हणाला. चांगलं झालं म्हणाला. फोन खिशात घालून तो मळ्यात गेला आणि पाट फोडायचा विसरून वेलीखाली बसून राहिला. पिंपरीचा गुण नव्हता, एवढंच दुखतंय असं त्याला वाटलं. पण पिंपरी एवढी दुखत नसते.

पुढचं वर्षही तसंच गेलं. त्या उन्हाळ्यात गावातच माणसं गेली. येण्याजाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. केसरबाई त्याच्यासाठी बांधावर भाकरीचा डबा ठेवायची आणि लांबूनच हाक मारायची. सांजेचा फोन दिवसाआड झाला, मग आठवड्यावर आला. अपेक्षा फोनवर यायची, शाळा मोबाइलवर चालते ते सांगायची, आणि सांगता सांगता दुसरीकडे बघायची. तिचा आवाज मोकळा, निरोगी होता. त्यात मळ्याची गरज कुठंच ऐकू येत नव्हती.

याच काळात पुंजाजीला नवी खोड लागली. फोनवर तो विचारायला लागला, "विमानं किती सुरू झाले?"

ज्ञानेश्वरला वाटलं, बापाला नोकरीची काळजी. त्याला बरं वाटायचं. तो नेमानं सांगायचा, आता निम्मी झाली, आता आणखी थोडी वाढली. गोकुळलाही तसंच वाटलं. "पोराच्या पोटासाठी बुढा आभायाकडं डोळे लावून बसते," असं तो टपरीवर लोकांना सांगायचा. आणि पुंजाजी खरंच वर बघायचा. सातपुड्यावरून, फार उंचावरून, कधी एखादं विमान जायचं. आवाज नाही, नुसती पांढरी रेघ. लॉकडाऊनमध्ये ती रेघ नव्हती. आता ती परत उमटायला लागली. पांगाऱ्याच्या फांद्यांमधून ती दिसली की तो खुरपं खाली ठेवायचा. रेघ पसरून, विरून जाईपर्यंत बघायचा. त्याला आत कुठंतरी हलकं वाटायचं. का वाटतं, हे तो स्वतःला विचारत नव्हता. एकट्या माणसाला आपल्याशी फार बोलावं लागतं, म्हणून काही गोष्टी तो आपल्यापासून राखून ठेवतो.

त्याच्या पुढच्या वर्षी होळी झाली आणि ज्ञानेश्वरनं सांगितलं की विमानं सगळी परत आली. बाहेरदेशीचीसुद्धा. रांग पुन्हा भिंतीपर्यंत. पगार पूर्ण. आणि मग वाक्याच्या मधोमध तो थांबला. "थांबा बाबा, विमान जाऊ द्या." पुंजाजी फोन कानाला लावून उभा राहिला. तो घरघराट आला, वाढला, डोक्यावरून गेल्यासारखा गेला. त्याच्या शेपटाला खोलीतून दुसरा आवाज आला. कोरडा. मग खांदे उचलून येणारा. इतक्या दिवसांनीही त्यानं तो ओळखला.

"अपेक्षा खोकून राह्यली काय?"

"हाव," ज्ञानेश्वर थकलेल्या आवाजात म्हणाला. "महिना झाला. पुन्हा सुरू झालं."

दुसऱ्या दिवशी पुंजाजी उजाडताच मळ्यावर होता. दगडावरची गुलाबी चप्पल त्यानं जवळपास तीन वर्षांत पहिल्यांदा उचलली. पाटात धरून नारळाच्या काथ्यानं तळव्याचं शेवाळ घासलं. पट्ट्यावरचं फूल ओल्या फडक्यानं पुसलं, तरी ते पांढरंच राहिलं. चप्पल उन्हात उभी करून ठेवली. तोंडानं तो काहीतरी गुणगुणत होता. केसरबाई डबा घेऊन बांधावर आली, तिनं हे पाहिलं.

"कोन येते म्हनावं एवढं?"

"अपेक्षा," पुंजाजी म्हणाला. "खोकला सुरू झाला तिचा."

केसरबाई डबा हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. ती मोठ्यानं बोलणारी बाई. पण हे तिनं अगदी हळू विचारलं.

"भाऊजी, पोरीले खोकला झाला, न् तुमी हासून राह्यले?"

ती डबा दगडावर ठेवून निघून गेली. डब्यात काय होतं ते पुंजाजीनं दुपारपर्यंत उघडून पाहिलं नाही. चप्पल वाळली. त्यानं ती हातात घेतली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की ही आता तिच्या पायात जाणार नाही. अर्धी टाचसुद्धा नाही. तो ज्या पोरीची वाट बघत होता ती कुठंच नव्हती. जी होती ती मुंबईला एका खोलीत श्वास ओढत बसली होती, आणि तिच्या प्रत्येक ओढीबरोबर तो एकेक उन्हाळा आपल्याकडे खेचत होता. विमानांची रेघ बघून आत हलकं का वाटायचं तेही आता राखून ठेवता येईना. आणि ती कल्याणपुढची खोली. तेव्हा विचार केल्यासारखं करून त्यानं काय सांगितलं होतं, आणि कुणासाठी.

वेलीला पायताणाचा विटाळ चालत नाही. तो अनवाणीच आत होता एवढी वर्षं. तरी त्या दुपारी त्याला मळ्यात पाय ठेववेना. तो दगडावरच बसून राहिला.

सांजेला त्यानं फोन लावला. ज्ञानेश्वरला वाटलं उन्हाळ्याचं विचारायला. तो आपणहूनच म्हणाला की पोरीची परीक्षा संपली की पूनम आणून सोडेल, पहिल्यासारखंच.

"ते असू दे," पुंजाजी म्हणाला. "कल्यानच्या पुढं खोली होती ना तुह्या पाहन्यात?"

ती कधीची गेली, ज्ञानेश्वर म्हणाला. तिकडं दुसऱ्या मिळतात. पण बाबा, तुम्हीच तर नको म्हणाला होता.

"म्हनलो होतो. आता घे म्हनतो. या उन्हाळ्यात तिले इकडं आनाच्या गडबडीत पडू नको, खोली पाहा. दीड महिना इथं बरी राहून तिले काय करता? बाकीचं वर्ष ती तिथंच काढते."

 ज्ञानेश्वर म्हणाला, "मंग तिले गावाले आनाची गरजच राहनार नाही, बाबा."

"हाव. गरज नाही राहनार."

यानंतर पुंजाजीला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. दुपारभर त्यानं ते दगडावर बसून जुळवलं होतं. तोंड उघडलं आणि तिकडून ज्ञानेश्वर म्हणाला, "थांबा बाबा." विमान आलं. पुंजाजी थांबला. आवाज गेला, खोकला आला, तोही गेला. "हां, बोला," ज्ञानेश्वर म्हणाला.

"काही नाही," पुंजाजी म्हणाला. "खोली पाहा."

त्यांनी खोली पाहिली आणि पावसाळ्याआधी सामान हलवलं. ज्ञानेश्वरला आता अंधारातच घर सोडावं लागतं. पूनमनं तेलाचा डबाही मांडीवर धरून नेला. नव्या खिडकीतला वेल ती फोनवर दाखवते. पानं स्वच्छ आहेत. पोर खोकत नाही, आणि बोलताना कुणी मधे थांबत नाही.

पुढच्या वर्षी परीक्षा संपली तरी कुणी आलं नाही. पुंजाजीनं विचारलं नाही. पिंपरी तोडली, वाळवली, व्यापाऱ्याला दिली. बरणीत वेगळी काही ठेवली नाही. केसरबाई डबा आणते, पण भोंग्याची गोष्ट काढत नाही. वैशाखात एका दुपारी तो पाटाला पाणी सोडून बसला होता. वर पांढरी रेघ होती, तिच्याकडे त्यानं मान वर केली नाही. फोन वाजला. अपेक्षा होती, आईच्या फोनवरून, आईला न विचारता. आवाज मोठा झाला होता.

"आबाजी, माझी चप्पल आहे का अजून तिथं?"

"हाय."

"गुलाबी?"

"होती गुलाबी. आता तुह्या पायात नाही जानार, बाई."

ती जरा थांबली. विमान नव्हतं, तरी थांबली. "मग मळ्यात यायचं असेल तर बाहेर काय काढून ठेवू?"

पुंजाजीला पाटाचं पाणी बांधावरून फुटलेलं दिसत होतं. उठायला हवं होतं. गेल्या वर्षीचं ते जुळवलेलं वाक्य त्यानं तोंडात शोधलं. ते पुरतं सापडलं नाही. त्यातलं जेवढं हाताला लागलं तेवढं तो बोलला.

"तू ये. मले करमत नाही."

तिकडं पूनमची हाक ऐकू आली, कुणाशी बोलतेस म्हणून, आणि फोन बंद झाला. पुंजाजीनं पाणी वळवलं. मग बाहेर येऊन ती लहान चप्पल दगडावरून उचलली आणि बाजूच्या झोपडीत खुंटीला टांगली. दगड झाडला. या वेळी पूर्ण झाडला. आपली वहाण एका कडेला सरकवली आणि उरलेली जागा तशीच रिकामी ठेवली.